चालू लाइनवर

पारोळ्याला आले तेव्हा कागद नळीत गुंडाळून आणला होता.
वडिलांनी तो ओट्यावर पसरला
आणि चार कोपऱ्यांवर हाताशी होतं ते ठेवलं :
पक्कड, टेस्टर, अडकित्ता
आणि चिनीमातीचा एक इन्सुलेटर,
बत्तीस वर्षांच्या नोकरीतून एवढाच घरी आणलेला.

साडेपाच हजार ठिपके. मध्ये रेघा.
"हाई कोनतं फीडर?"

खमिराची पेशी, मी म्हटलं. जिलबीच्या पिठातली.
ठिपका म्हणजे प्रथिन.
रेघ म्हणजे दोघं एकमेकांना धरतात,
कधी क्षणभर, कधी सुटतच नाहीत.
त्यांचं बोट बरोबर तिथे गेलं
जिथे रेघांचा झुबका झालाय.
(डाव्या हाताचं बोट. उजव्याची दोन
त्र्याण्णव साली पोलावर राहिली.)
"हाई सबस्टेशन."
म्हटलं, तसंच. ज्याच्याकडे रेघा जास्त
नवी रेघ बहुधा त्याच्याकडेच जाते.
यात काय नवल, असा त्यांचा चेहरा.

मग सांगितलं, दहा कोटी वर्षांपूर्वी
हिच्या पूर्वजात एकदा सगळंच दुप्पट झालं.
प्रत्येक ठिपका दोनदा, प्रत्येक रेघ चारदा.
पुढे बहुतेक जोड्यांतला एकेक गळाला.
जे दोघं टिकले, ते वेगळे होत गेले.
ते म्हणाले, बोरीकाठी आम्ही एका डीपीशेजारी दुसरी बसवली,
तीच कंपनी, तेच तेल,
वर्षभर कळेना कोण कोणाची.
मग एकीवर मोटारी गेल्या, एकीवर घरं.
आता एक जळाली तर दुसरीला ते काम झेपत नाही.

चार महिने मी हेच प्रकरण लिहीत होते.

"आकडे टाकतस का?"
टाकतात. अंगावरचं एखादं अक्षर बदलतं,
तिथे चिकटपणा येतो,
कुणीतरी येऊन उगाच लटकतं.
कामाचं नाही, त्रासाचंही नाही, म्हणून राहतं.
वडील पहिल्यांदा हसले.
शिवाराच्या टोकाची वस्ती सतरा वर्षं आकड्यावर होती.
ते दिवसा काढायचे, रात्री पुन्हा.
शेवटी मीटर आले.
आज तिथे पिठाची गिरणी आहे
आणि ती बंद पडली की तीन गावं तव्याकडे बघत बसतात.

जिनिंगच्या मागचा पोल अजून उभा आहे.
तार नाही. साळुंक्या आहेत.
तसलेही आहेत का, त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

आई कळण्याची भाकरी घेऊन आली, कागद बघून परत गेली.

"मंग लाइन कव्हय बंद करतस?"

करत नाहीत.
"दुरुस्तीले?"
नाही. साडेतीनशे कोटी वर्षांत एकदाही नाही.
जे जोडलं, जे तोडलं, सगळं चालू लाइनवर.

ते गप्प झाले.
लोटनअण्णाचं नाव आमच्या घरात घेत नाहीत.
परमिट होतं त्यांच्याकडे, सही होती,
तरी तिकडे कुणी तरी दांडा वर केला.

मी म्हणणार होते की ज्यांची जोडणी चुकली
ते या कागदावर नाहीतच,
त्यांची पेशी उरली नाही तर ठिपका कुठून.
नाही म्हटलं.
त्यांना ते माझ्याआधी दिसलं होतं.

कडेला एक ठिपका आहे, एकटा.
"याले लाइन नही?"
सापडली नाही.
"मंग नही शे अशे लिखू नको, आंडेर."
पान एकसष्टवर मी नेमकं तेच लिहिलं होतं.

त्यांनी आधी इन्सुलेटर उचलला,
धोतराच्या सोग्याने पुसला.
मोकळा कोपरा उडाला, कागद आपणहून वळत गेला,
आणि आतल्या आत काही ठिपके
एकमेकांवर येऊन टेकले,
ज्यांची ओळख नव्हती.