लिलाव

रात्री अडीच वाजता सासूनं मला विकायला काढलं.

अंधारात पाटावर बसून, पदर खोचून,
भिंतीकडे बोट करत:
"आठशे! आठशे एक! कोण बोलता फुडे?"
आधी पातेली गेली, मग पंखा,
मग माझा नवरा, साडेतीनशेला,
तोही उधारीवर.

तो हसला. मीही.
मग तिनं माझा हात धरून विचारलं,
"तू खंयच्या गावची गो?"
आणि आमचं हसू तिथंच राहिलं.

परवापर्यंत हीच बाई
टोपलीत एक बांगडा कमी असला
तर नुसती उचलून सांगायची.

ताप नव्हता. थर्मामीटर दोनदा झटकून लावला.
कुठं दुखतं विचारलं, तर म्हणाली, वारो पडलो.
पेज दोन दिवस तशीच निवत होती.
शेजारची इंदुमावशी म्हणाली, वय झाला, आता असाच.
दीर म्हणाला, बाधा आसा, गाऱ्हाणा घालूक व्हया.
तो नारळ घेऊन देवळाकडे निघाला,
मी तिला रिक्षात घालून परुळ्याच्या दवाखान्यात.
घाबरलो दोघंही सारखेच होतो.

डॉक्टरीणबाई तरुण, घाटावरची.
"कधीपासून?"
"मंगळवारी संध्याकाळपर्यंत बरी होती."
तिनं पेन खाली ठेवलं.
"म्हातारपण असं मंगळवारी संध्याकाळी येत नाही."

मग तिनं जे विचारलं, त्यातलं काहीच
मला सांगता येईना.
लघवीला किती वेळा जातात? रात्री? जळजळते?
लुगडं ओलं होतं का? पाणी किती पितात?
अठरा वर्षं एका मोरीत आंघोळ केलेल्या आम्ही दोघी.

ओटीपोटावर हात ठेवला तशी सासू कळवळली.

बाटलीवर सिस्टरनं लिहिलं:
सत्यभामा खवणेकर, स्त्री, ७४.
बंदरावर भामाय म्हणतात, मी उगाचच सांगितलं.
"स्वच्छ धुवा. पहिली धार सोडा, मधली धरा."
संडासात वाकून मी
एका हातात तिची कंबर धरली, दुसऱ्यात बाटली.
तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.
तेवढा वेळ
ती पुरती शुद्धीवर होती.

"जंतू बऱ्याच म्हाताऱ्यांच्या लघवीत सापडतात,"
बाई म्हणाली, "नुसत्या जंतूंना मी गोळी देत नाही.
पण पोट दुखतंय, आणि बाई भिंतीला मासे विकतेय."
सलाईन लावलं. औषध सुरू केलं.
नमुना ओरोसला गेला, कुठला जंतू, कशानं मरतो ते बघायला.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडून तिनं
लोंबणारी बाटली नीट न्याहाळली.
"ह्येचे किती घेतल्यानी?"
सरकारी आहे, फुकट, म्हटलं.
"फुकट? मगे ताजा नसतला."
मी बाहेर जाऊन रडले.

बरं वाटताच गोळ्या बंद करणार होती.
मी तिला उरलेल्या मोजून दाखवल्या,
मोजलेला माल ती कधी परत करत नाही.

आता तिच्या खाटेशी भांड्याची खुर्ची आहे,
रात्रभर एक बारका दिवा,
आणि तांब्या, जो संध्याकाळपर्यंत रिकामा दिसला पाहिजे.
पहिल्यांदा तांब्या दिला तेव्हा म्हणाली,
"पाणी प्याला काय जावचा लागता."
चाळीस वर्षं बंदरावर, पहाटे पाचपासून दुपारपर्यंत,
आडोसा नाही, सगळीकडे पुरुष आणि जाळी.
अर्धा कप चहा. तोही नुसता ओठांना.
"बायलमाणसान तहान बांधून ठेवची," म्हणाली,
जसं लुगड्याच्या गाठीला पैसे.

तिच्या जागेवर आता मी बसते.
बंदरावर संडास बांधून दोन वर्षं झाली,
पत्र्याचं दार, दाराला कुलूप,
चावी सोसायटीच्या माणसाकडे,
तो येतो जेवणवेळेला.

माझी बाटली घरून भरून येते, भरलेलीच परत जाते.
तशी जायची.
काल, सुरमईचा भाव चढत असताना,
मी मध्येच उठून त्याच्याकडे चावी मागितली.
सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी,
भामायच्या आवाजात.