विचाराधीन

तांबट आळीच्या तोंडाशी आमचं दुकान.
पाटीवरचं 'बंदूक' अजून वाचता येतं,
'दुरुस्ती' उन्हानं खाल्लंय.
आजोबा घंगाळी ठोकायचे.
कुणीतरी एकदा अडकलेल्या चापाची दुनळी आणून दिली
आणि वाजणाऱ्या धातूच्या घरात
गप्प बसणारा धातू आला.

गप्प म्हणजे किती!
एकोणीस वर्षांत नवा परवाना घेऊन
ही पायरी कुणी चढलं नाही.
येतात ते वारस:
वडील गेले, बंदूक कपाटात, आता काय करायचं?
मी म्हणतो, अर्ज करा आणि बसा.
सरकारी काम अन् सहा महिने थांब
असं जो म्हणून गेला तो नशीबवान,
सहाच महिन्यांत सुटला.

आचारसंहिता लागली की जिल्ह्यातल्या बंदुका
पोलीस ठाण्यात झोपायला जातात,
गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर मालकाचं नाव.
निकालानंतर परततात, नळीत गंज घेऊन.
त्या गंजावर माझी चूल पेटते.
लोकशाहीचे आभार मी
चिंधी आणि तेलानं मानतो.

हर्षाली बोडके पहिल्यांदा आली तेव्हा बारावीत होती.
सिन्नरची. शेवटच्या एसटीची घाई.
"काका, पॉइंट टू-टूची रायफल किती जड असते?"
म्हटलं, पाचेक किलो.
फाइल त्याहून जड.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

नामंजूर. सबळ कारण दिसून येत नाही.
नामंजूर. अर्जदाराच्या जीवितास धोका आढळत नाही.
"मला धोका नाहीच आहे काका.
मला पन्नास मीटरवरची टिकलीएवढी जागा गाठायचीय."
जुन्या सीबीएसजवळच्या त्या कचेरीत
अशा वाक्याला रकाना नाही.
नामंजूर. या खेपेला शाई निळी.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला मात्र
या गावात परवाना कधीच लागला नाही.

हे मी तिला म्हणालो, पण एक गोष्ट बोललो नाही.
पेठ रोडची एक दुनळी,
मीच तिची कमान बसवली होती.
दोन महिन्यांनी ती लाखेचा शिक्का लागून
हवालदाराच्या हातात माझ्यासमोर आली,
ओळख पटवायला.
नंबर अजून पाठ आहे.
म्हणून त्या कचेरीतल्या माणसावर
मला पुरतं चिडता येत नाही.

आणि गेल्या मंगळवारी कागद आला.
तिनं काउंटरवर उलगडला, घडी मोडत,
शब्द एकच बदललेला:
विचाराधीन.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
पेढे वाटावेत इतका मोठा नाही हा शब्द.
पण एकोणीस वर्षांत
मी तो कधी पाहिलेला नव्हता.

पाठोपाठ शेलार हवालदार चौकशीला गेले.
शेजारणीला विचारलं, मुलगी रागीट आहे का?
ती म्हणाली, भाजीवाल्याशी भांडते, बाकी नाही.
त्यांनी लिहिलं: स्वभाव शांत.
कपाट हलवून पाहिलं. हललं.
भिंतीला पक्कं करा, म्हणाले.

रविवारी ड्रिल घेऊन मी सिन्नरला गेलो.
काळ्या दगडाची भिंत, चार भोकांत दोन बिटं मोडली.
तिच्या आईनं चहा दोनदा केला,
आणि एकदाही विचारलं नाही
की हे बरं आहे का.
शेवटचा बोल्ट आवळला, कपाट ओढून पाहिलं.
जागचं हललं नाही.

रायफल नाही. तारीखही नाही.
रिकाम्या कपाटात सध्या
हर्षालीच्या वह्या आहेत,
कुलूप लावून.