सात पॉइंट चार

दांडिया बाजार, तिसरा मजला, रात्रीचे साडेआठ.
मृण्मयी शिर्के वहीत उतरवून घेते:
क्ष अधिक कंसातला क्ष बरोबर सहा पॉइंट चार.

हा चौकोनी कंस म्हणजे चाळण, मी सांगतो,
बारीक सगळं गळू द्यायचं, पूर्णांक तेवढा वर.
वय विचारलं की पंधरा म्हणतेस ना?
वरचे अकरा महिने कुठे जातात?

ती हसते. क्ष फोडते: पूर्ण तो प, उरला तो उ.
दोन प अधिक उ. प तीन, उ पॉइंट चार.
तीन पॉइंट चार! पेन्सिल टेबलावर वाजते.

मग मी सहाचे सात करतो. एवढंच.

प तीन धरला तर उ एकाच्या वर,
चार धरला तर शून्याच्या खाली.
खोडून खोडून कागद झिजतो.
खाली शेव-उसळवाल्याचं शटर पडतं.
"सर, गणित चुकलंय."
नाही. उत्तर नाही, हेच उत्तर.
"सहाला आहे, आठला आहे, मग मधेच कसं नाही?"

जिन्यातला दिवा परवापासून गेलाय.
ती अंधारातच उतरते, पायऱ्या मोजत.
मी वर, तिचा विसरलेला कंपास हातात.
वळणावर चप्पल थबकते,
पाय पायरी चाचपतो, जिथे पायरी नाही.

"सर," खालून हाक,
"इथे आहे तो, सात पॉइंट चार."