अंगण वाकडं

ओळ चारशे बारा. विभाजक गहाळ. थांबा.
एवढंच म्हणतो मेक, आणि थांबतो.

एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गाळ्यात
रात्रीचे पावणेदोन.
लेथवर ताडपत्री, कूलंटचा आंबूस वास,
आणि कोपऱ्यात मी
कंट्रोलरसाठी कंपायलर बांधतेय
एका जुनाट संगणकावर, ज्याचा पंखा
दमेकऱ्यासारखा मध्येच श्वास गिळतो.

ती ओळ मी तेरा वेळा वाचली.
टॅबच्या जागी स्पेस? नाही.
कंस उघडा राहिला? नाही.
कोड माझा नाही, तरी चूक माझीच वाटते.
पाचवीपासूनची सवय, बहुधा. कराडेबाईंच्या वर्गात
फळ्यावरचं उत्तर चुकलं
की प्रश्न नीट लिहिलाय का, हे कुणी बघत नसे.

नाचता येईना, अंगण वाकडं.
ही म्हण इतक्यांदा ऐकवली गेली
की अंगणाकडे बघायचंच मी सोडून दिलं.

रात्रपाळीचे दगूनाना गांगुर्डे
दोन कप चहा घेऊन आले, टूलरूममधून.
स्क्रीनकडे बघितलं. म्हणाले,
"मला ह्यातलं कळत नाही, ताई.
पण गेल्या आषाढात आमचे बुश धडाधड रिजेक्ट व्हायला लागले.
ड्रिल बदललं, ऑपरेटर बदलला,
पगारेचं पोरगं रडकुंडीला आलं.
बुश बरोबरच होते.
गेजचं नो-गो टोक झिजलं होतं,
चांगल्या भोकातही शिरायचं.
अठरा वर्षं त्याच्याच तोंडून हो-नाही ऐकलं आम्ही.
त्याला कोण विचारणार, बाबा, तुझं काय?"

मी विचारलं. मेक, तुझी आवृत्ती?
तीन पॉइंट एक्क्याऐंशी. सन दोन हजार सहा.

चारशे बाराव्या ओळीवर एक शब्द होता,
अनडिफाइन,
जो त्याच्या नंतर भाषेत आला.
अनोळखी शब्द दिसला की त्याने काय म्हणावं?
काहीतरी गहाळ आहे.
माझे सासरेही माझ्या वाक्यांना हेच म्हणतात.

नवा मेक उतरवला.
तो बांधायलाही मेक लागतो,
आणि हाताशी दुसरा नव्हता.
म्हाताऱ्यालाच सांगितलं.
त्याने बांधला. एका ओळीवरही अडला नाही.
कुणासाठी बांधतोय, हे त्याला
मी सांगितलं नव्हतं.

आणि तरी हाक मारली की जुनाच ओ देई.
शेलला जुना पत्ता पाठ.
गाळ्याची पाटी बदलून सहा वर्षं झाली,
पाथर्डी फाट्याचा रिक्षावाला अजूनही
चांदोरकर इंजिनिअरिंग म्हटल्याशिवाय
हँडल वळवत नाही, तसं.
पाठ केलेलं पुसायला लावलं.
पुन्हा हाक मारली.

चारशे बारा कधी मागे पडली कळलंच नाही.
ओळी वर सरकत राहिल्या, चहावर साय धरली.
नाना ड्रॉवर उघडून दाखवत होते:
तो गेज, लाल रंग फासलेला,
दोऱ्याने बांधलेली तारखेची चिठ्ठी.
"टाकवत नाही हो."
मीही जुन्याला काढलं नाही.
नाव तेवढं बदललं.

सव्वाचारला लिंकर अडला.
आधी त्याचं वय विचारलं.
वय ठीक होतं.
ह्या खेपेला चूक माझीच होती,
एका लायब्ररीची वाट लिहायची राहिली होती.
अंगण सरळ. मी हसले,
आणि लिहिली.