तेरा हात ढलपी

इनेशबाईंची यादी आली पोर्तोहून:
बढाईच्या तेवीस इंग्रजी म्हणी,
शुक्रवारपर्यंत पोर्तुगीज करून हव्यात.
उंच गोष्ट. लांब धनुष्य ओढणं.
कोंबडा आणि बैल यांची काहीतरी भानगड.
केसाळ कुत्र्याची एक, ती संपतच नाही.
कर्वेनगरात, गॅलरीतल्या टेबलावर,
शेजारच्या बांधकामाची धूळ पुसून मी बसते.

काम दोन भाषांचं, पैसेही दोन भाषांचेच.
बिलावर मराठीला रकाना नाही.
पण शब्द इकडून तिकडं जातो
तो आमच्या स्वयंपाकघरातून, चपला न काढता.
उंच गोष्ट म्हटलं की आधी दिसतं
बारा हात लाकूड, तेरा हात ढलपी,
आणि ढलपीच्या टोकावर, पाय हलवत, दादा.

दादा, म्हणजे भास्कर खिलारे, शनिवार पेठ,
तेव्हा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे, वय एकोणीस.
पानशेत फुटलं त्या दिवसाचं पाणी
मी पहिलीत असताना त्यांच्या कमरेला होतं.
चौथीत गळ्याशी आलं.
माझ्या लग्नात, मुलाकडच्यांच्या पंगतीत,
दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून आत शिरलं.
घमेल्यात वाहत आलेलं मांजर
पुढं शेळी झालं, मग तान्हं बाळ,
मग बाळाला जुळं.
घमेलं मात्र घमेलंच राहिलं.
(तो शब्द मुळात पोर्तुगीजच,
त्याला मला काही करावं लागत नाही.)
आई पोळी उलटत म्हणायची,
"आता त्यात उंट बसवा, तेवढाच राहिलाय."

कपाळाला लागलं ते तरंगतं कपाट होतं,
कधी वासा, एकदा म्हशीचं शिंग.
ससूनमध्ये टाके पडले. चार.
पुढं सात.
खडकीच्या कारखान्यात निरोपसमारंभाला अकरा.
मी तिसऱ्या रांगेत, तोंड फिरवून हसत होते.

चिमूटभर मीठ घालून ऐकणं, यादीत सतरावी.
इंग्रजीत मीठ ऐकणारा घालतो.
आपल्याकडं सांगणारा, वर तिखटही.

कॅम्पातल्या ओलिंडा मिसनी शिकवली होती त्यांच्याकडची:
केंय कोंता उं कोंतु, आउमेंता उं पोंतु.
जो गोष्ट सांगतो तो एक पोंतु वाढवतो.
पोंतु म्हणजे ठिपका, म्हणाल्या. म्हणजे मुद्दा.
म्हणजे परीक्षेतला गुण.
आणि हातातला फ्रॉक उलटा करून दाखवला:
हा पण. टाका.

शेवटच्या ऑपरेशनआधी वॉर्डबॉयनं
दादांचं डोकं भादरलं.
कपाळावर दिसायचा तो व्रण
केसांखालून मागं मानेपर्यंत गेलेला,
जुन्या रुळांसारखा, आडव्या फळ्या फळ्यांचा.
मी बोटानं मोजले.
सतरा. किंवा सोळा,
एक कदाचित सुरकुती असेल.
"दादा, तुम्ही तर अकरा सांगायचात."
ते भिंतीकडं बघत म्हणाले,
"सतरा कुणाला पटले असते?"
मग पाणी मागितलं. दोन घोट.

बाळाचं विचारायचं राहिलं.
जुळ्यांचं तर राहिलंच.

तेवीस म्हणी गेल्या गुरुवारीच.
उंच गोष्टीसमोर कोळ्याची गोष्ट लिहिली,
कोंबड्या-बैलासमोर बैल झोपेल असं बोलणं.
बैल तेवढा वाचला, कोंबडा गेला.
खाली चोविसावी टाकली, कुणी न मागितलेली:
लोकांना पटावं म्हणून टाके कमी सांगणे.

इनेशबाई विचारतायत, ही कुठल्या भाषेतली,
आमच्याकडं तर सापडत नाही.
मी अजून कळवलेलं नाही.
खाली बांधकामावर जेवणाची सुट्टी झालीय.
एक बाई घमेलं पालथं घालून
त्यावर बसलीय, दुसरीला काहीतरी सांगतेय,
दोन्ही हात फाकवून.
हात अजून लांब होतायत.