डाव्या हाताची चार बोटं

सकाळी सव्वासहाला मरोळ पाइपलाइनच्या कोपऱ्यावर
स्कूटी लावते. पुढ्यात थंड पेटी,
पेटीत जांभळ्या बुचाच्या नळ्या, लाल बुचाच्या नळ्या.
उपाशीपोटी ताटकळलेली माणसं
माझ्यावर आधीच चिडलेली असतात.
मूठ आवळा, म्हणते. पट्टा बांधते.
मग डोळे बाजूला ठेवून
डाव्या तर्जनीनं शोधायची असते नस.
दिसते ती फसवते,
बोटाला लागते ती खरी,
असं मी नव्या पोरींना अठरा वर्षं शिकवत आले.

आणि पंचेचाळिसाव्या वर्षी गिटार घेतली.

पहिला महिना नुसती आग.
चार बोटांवर तारेच्या लाल रेघा,
पोळी उलटताना डोळ्यांत पाणी.
मग फोड. फोड फोडायचा नाही,
हे मला कोणी सांगायला नको.
तिसऱ्या महिन्यात कातडी पिवळट, टणक,
नखानं टिचकी मारली तर टक्.
शेजारपाजाऱ्यांना दाखवत सुटले मी.
सुदेश म्हणाला, त्या बोटानं मोबाइल तरी उघडतो का?
उघडत नव्हता.

मग एका मंगळवारी, साकीविहारला, सातव्या मजल्यावर
एका बाईंच्या कोपराच्या खळीत बोट ठेवलं
आणि तिथं काहीच नव्हतं.
बोट टेकलेलं दिसत होतं,
पण हातमोज्याच्या आत आणखी एक हातमोजा,
काढता न येणारा.
दोनदा टोचलं. दोन्ही वेळा नळी कोरडी.
बाई काही बोलल्या नाहीत,
ते जास्त लागलं.

तेव्हापासून हिशेब.
रविवारी रात्री झिरो नंबरचा पॉलिश पेपर.
घट्टा घासायचा, काढायचा नाही.
भांडी आधी घासली तर कातडी भिजते, तार रुतते,
म्हणून भांडी गिटारनंतर
किंवा सुदेशनं घासावीत. घासतो,
कढई तेवढी माझ्यासाठी राखून ठेवतो.
आंघोळीनंतर तासभर तारेला हात नाही.
कड सुटली तर दातानं ओढायची नाही.
ओढते.
आणि नस आता अंगठ्यानं शोधायची.
तो वाजवताना गिटारच्या मानेमागे दडून असतो,
सगळीकडे हजर आणि कशात नाही,
सासरी आलेल्या जावयासारखा मऊ.

शेवटचं घर गावठाणात, क्रुसाजवळ.
मिस्किटा सर. वय एक्याऐंशी.
त्यांची शुगर बघायला जाता जाताच
माझ्या मांडीवर त्यांनी पहिल्यांदा गिटार ठेवली होती.
पूर्वी त्यांच्या डाव्या बोटांत लॅन्सेट शिरायचीच नाही.
दाबून दाबून थेंब येत नसे.
उजवा घे गो, म्हणायचे,
या हाताला रगत नाय.

जानेवारीत डावी बाजू गेली.
गिटार कपाटावर, उशीच्या अभ्र्यात अर्धी झाकलेली.
आज सवयीनं मी उजवा हात मागितला,
त्यांनी उजव्या हातानं डावा उचलून
माझ्यापुढे ठेवला.
लॅन्सेट टेकवली न टेकवली तोच
थेंब. गोल, मोठा, जणू वाटच बघत होता.
बोटांची टोकं तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी.
बाळांचं रक्त आम्ही टाचेतूनच घेतो.

एकशे बेचाळीस, मी म्हटलं. बरी आहे.
त्यांनी आकड्याकडे पाहिलं नाही.
माझा डावा हातमोजा ओढून काढला
आणि चारही बोटं एकेक करून
अंगठ्यानं दाबून पाहिली,
पेरू घेताना दाबतात तशी.
जीभ जड झालीय त्यांची, शब्दाला वेळ लागतो.
मी थांबले. पेटीतला बर्फ सुटत होता,
अजून नळ्या लॅबला पोचवायच्या होत्या.

करंगळी, म्हणाले सर.
मग बऱ्याच वेळानं,
कच्ची हाय.