काच नको

उकेबाई म्हणाल्या, काच नको.
काचीत हॉलची ट्यूबलाइटच दिसते, मानसं दिसत नाही.
फ्रेमही नको. तिच्या मांगं पाली राहतात.

फोटो मिलच्या कताई खात्याचा, सन एक्क्याऐंशी.
त्रेपन्न माणसं आणि पायाशी एक कुत्रा.
इतवारीतल्या माझ्या मशीनवर तीन फुटी काढला,
पिगमेंटच्या शाईत,
आणि साडीवाला मांडतो तसे
तीन डबे मांडले त्यांच्यापुढे.

हा चकचकीत. काळं अगदी काळं दिसतं,
पण तिरपं पाहिलं की खिडकी उमटते.
हा सॅटिन, मधला, कोणाचंच मन न दुखवणारा.
हा मॅट,
पिठाचा हात फिरवल्यासारखा.

पुसता कोनता येईन?

फडक्यानं? मी विचारलं.

बोटांचं म्हनतो मी भाऊ.
जो येते तो बोट ठेवते न फोटोवर.
हा मी. हा काटोलचा डोमाजी. हा तं गेला.
मांगच्या फोटोत अशानंच
चार जनांचे चेहरे गेले.

मग रद्दी प्रिंटच्या तीन पट्ट्या कापल्या,
तिन्हींवर एकेक डबा मारला,
आणि सकाळच्या पोह्यांच्या तर्रीत
बोट बुडवून ठेवलं.
मॅटनं तर्री पिऊन टाकली.
चकचकीतवर माझ्या बोटाची रेघ न रेघ.
सॅटिन पुसला गेला.
इतकी वर्षं मी त्याला बुळा समजत होतो.

पण मे महिना. शेहेचाळीस.
दुपारी फवारा मारला तर थेंब हवेतच वाळतो,
कागदावर नुसती भुकटी पडते.
कूलर लावला तर ओलीनं पांढुरकी साय धरते.
म्हणून शाईला एक दिवस तशीच सुकू दिली
आणि पहाटे चारला, दार लावून, कूलर बंद,
तीन पातळ हात दिले: एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा.
मधल्या अर्ध्या अर्ध्या तासात
कपाळाचा घाम बाहीनं टिपत
त्रेपन्न जणांपासून लांब उभा राहिलो.

उकेबाई न्यायला आल्या तेव्हा विचारलं,
यात तुम्ही कुठं?

त्यांनी बोट ठेवलं अगदी कडेला,
जिथं फोटोवाल्यानं कापलेला
एक खांदा आहे, लुगड्याचा काठ आहे.

आणि हा कुत्रा?

त्याले तं सारेच ओळखतात, म्हणाल्या,
आणि रुमालाची गाठ सोडून
पैसे मोजायला लागल्या.